धाकटीची दोन बोटं

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण आमच्या बँडमध्ये ती दादाची धाकटी बहीण म्हणूनच आली होती. पुढे ती चाळिशीला टेकली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी वर्तमानपत्रवाल्यांपासून हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसापर्यंत सगळ्यांना तेच नाव माहीत. मी त्या बँडचा साउंड बघतो. कोणाचा आवाज किती वर ठेवायचा आणि किती खाली, हे ठरवणारा जो माणूस प्रेक्षकांच्या मागे टेबल मांडून बसलेला असतो आणि काही बिघडल्याशिवाय ज्याच्याकडे कोणी वळून बघत नाही, तो मी. अंगाने काटकुळा, खांद्यावर कायम केबलचं भेंडोळं, म्हणून मला वायर म्हणतात.

धाकटीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. दुपारी शाळा सुटली की दादा मित्रांबरोबर उंडारायला मोकळा, पण धाकटीला एकटीला घरात ठेवायचं नाही म्हणून आईने तिची सोय चौथ्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे केली होती. त्या बाईंकडे पियानो होता. चार मजले अरुंद जिन्यातून तो वर कसा गेला हे इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना गप्पा मारायचा कंटाळा, आणि मुलीला नुसतं बसवून ठेवायचं तरी किती, म्हणून त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली. सहा वर्षं शिकवलं. मग बाई मुलाकडे राहायला गेल्या. पियानो काही खाली उतरेना, तो तिथेच राहिला, आणि नवीन भाडेकरू त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले.

त्याच सुमारास दादाने बँड काढला होता. तो बेस गिटार वाजवायचा. गाणारा त्याच्या वर्गातला. तो तीन महिने बँकेत चिकटला आणि तिथून पळून आला, म्हणून त्याला आम्ही साहेब म्हणायचो. एक ड्रमर होता, आणि एक गिटारवाला होता ज्याला ऐन पहिल्या कार्यक्रमाच्या तोंडावर जहाजावर नोकरी लागली. कार्यक्रम आठ दिवसांवर. दादा म्हणाला, "आमच्या धाकटीला पेटीसारखं काहीतरी येतं." तिला आणलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. जुन्या बाजारातून एक कीबोर्ड मिळवला, त्याच्या तीन पट्ट्या मेलेल्या होत्या. तिने अर्धा तास त्यावर हात फिरवून कुठल्या पट्ट्या मेल्यात ते पाहून घेतलं आणि मग त्या तिघींना चुकवून कार्यक्रमातली चारही गाणी बसवली.

पुढे एका मासिकात छापून आलं की गिटारशिवाय रॉक वाजवण्याचा धाडसी निर्णय या तरुणांनी जाणीवपूर्वक घेतला. आम्ही ते वाचून इतके हसलो की साहेबाला ठसका लागला.

आमचा सराव एका बंद पडलेल्या लाँड्रीत चालायचा. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीत मोरीची जाळी, आणि असा घुमारा की ड्रमवर एक काठी पडली की चार ऐकू यायच्या. धाकटीने घरातली जुनी पांघरुणं आणून दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखी टांगली, तेव्हा कुठे एकमेकांचं ऐकू यायला लागलं. आमची गाणी रेडिओवर लागणाऱ्यांतली नव्हती. नाचता येईल असं त्यांत काही नसायचं, प्रेमही बेताचंच. अल्टरनेटिव्ह रॉक हा शब्द आम्हाला दुकानदारांनी शिकवला, कारण कॅसेट कुठल्या फळीवर ठेवायची हे त्यांना कळेना.

दुसऱ्या कॅसेटमध्ये 'रिकामा जिना' नावाचं गाणं होतं. त्याची सुरुवात म्हणजे धाकटीच्या उजव्या हाताचे बारा सूर. ते वरून खाली उतरत यायचे, आणि त्यातले वरचे सगळे करंगळीचे आणि तिच्या शेजारच्या बोटाचे. शेवटून तिसऱ्या सुरावर ती किंचित रेंगाळायची, एखादा माणूस अंधारात पायरी चाचपतो तेवढीच. त्या रेंगाळण्यानेच ते गाणं चाललं, असं माझं मत आहे. लोक शब्द सुरू व्हायच्या आधीच तोंडाने ते बारा सूर म्हणायला लागायचे. पहिल्यांदा हजारभर माणसं ते एकदम म्हणाली, तेव्हा धाकटीने दचकून दादाकडे पाहिलं होतं, आपलं काही चुकलं की काय म्हणून.

कॅसेटवर 'गीत-संगीत' पुढे साहेबाचं नाव होतं. ते बारा सूर कोणाचे, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. मी एकदा तिला म्हणालो, "बोल की." ती म्हणाली, "दादाने बोलायला हवं होतं. तो बोलला नाही, तर मी काय बोलू?" दादा काही साहेबाला भ्यायचा नाही. पण बँड मोडेल याला भ्यायचा, आणि ती भीती त्याने आयुष्यभर उराशी धरली.

बावीस वर्षं ती वाजवत होती. चार अल्बम, पाचेकशे कार्यक्रम. स्टेजच्या डाव्या टोकाला, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून उभी राहायची. मधल्या काळात पंख्यांच्या आणि दंतमंजनाच्या जाहिराती वाजवल्या, लहान मुलांच्या कार्यक्रमासाठी बेडकाचं गाणं केलं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "गाडीत जागा नव्हती." आमची गाडी खरोखरच इतकी खच्चून भरलेली असायची.

मग ती एकोणचाळीस वर्षांची असताना एका दुपारी एका क्रीडागृहात आम्ही साउंड चेक करत होतो. तिने 'जिना'चे सूर वाजवले. बारापैकी अकराच आले.

"वायर, वरून चौथी पट्टी बघ रे," ती म्हणाली. "अडकतेय."

मी कीबोर्ड उघडला, पट्टी काढली, खालचा संपर्क पुसला, परत बसवली. मी दाबली तर ठणठणीत वाजली. तिने वाजवली तर परत अकरा. संध्याकाळी तिने तो सूर डाव्या हाताने घेतला आणि वेळ मारून नेली. पुढच्या गावी भाड्याने दुसरा कीबोर्ड मागवला. त्याचीही वरून चौथी पट्टी अडकत होती. त्याच्या पुढच्या गावी तिसरा. तीन आठवडे आम्ही पट्ट्यांना दोष देत होतो. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, कारण माझ्या टेबलावर प्रत्येक सुराचा दिवा लागतो आणि सूर दाबलाच नाही तर दिवा लागणार कुठून. पण मी मूग गिळून गप्प बसलो, आणि रोज इमानेइतबारे स्क्रू उघडून त्या निर्दोष पट्टीला पुसत राहिलो.

शेवटी तिनेच मला जवळ बोलावलं. "हे बघ," म्हणाली, आणि हात पट्ट्यांवर ठेवला. अंगठा आणि पहिली दोन बोटं नीट चालली. करंगळीची आणि शेजारच्या बोटाची वेळ आली, तशी ती दोन्ही हळूच आत वळली, तळहाताकडे, गोगलगाय शिंगं आत घेते तशी. तिने हात उचलला. बोटं सरळ झाली. परत ठेवला, परत वळली.

"दुखतं?" मी विचारलं.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. काहीच होत नाही. ती माझं ऐकत नाहीत, एवढंच."

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि हात उत्तम आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी मान तपासली. तिसऱ्यांनी विश्रांती घ्या, चिंता करू नका, असं सांगितलं. चौथ्या, मेंदूच्या डॉक्टरीणबाई होत्या. तिथे मी आणि दादा दोघेही तिच्याबरोबर गेलो होतो. बाईंनी तिला शर्टाचं बटण लावायला सांगितलं. लावलं. चार ओळी लिहायला सांगितल्या. लिहिल्या. टेबलाच्या कडेवर वाजवून दाखवा म्हणाल्या, तर दहाही बोटं पावसाच्या थेंबांसारखी टपटप पडली. दादाच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. मग बाई म्हणाल्या, "आता तुमचं वाद्य काढा." मी छोटा कीबोर्ड नेला होता तो मांडीवर ठेवला. तिने हात ठेवला आणि दोन बोटं आत वळली.

बाईंनी मान डोलावली. सगळ्यांत आधी त्यांनीच खरं सांगितलं.

"हात चांगला आहे. बिघाड वर आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. एकच बारीक हालचाल वर्षानुवर्षं केली, तर काही थोड्या लोकांत शेजारशेजारच्या जागा एकमेकींत मिसळून जातात. तुमच्या मेंदूला आता ही दोन बोटं वेगळी ओळखू येत नाहीत. आणि तेही फक्त वाजवताना."

"म्हणजे वाजवल्यामुळे झालं," धाकटी म्हणाली.

"हो."

"वाजवायचं थांबवलं तर जाईल?"

"बहुतेकदा जात नाही."

"आणि जास्त सराव केला तर?"

"वाढतं."

दादा मध्येच म्हणाला, "अहो, पण काहीतरी असेल ना." बाई म्हणाल्या की काहीतरी आहे, आपण करून बघू, पण आशा बेतानेच ठेवा. खाली उतरल्यावर दादा गाडीच्या किल्ल्या सगळ्या खिशांत शोधत राहिला. त्या त्याच्या हातातच होत्या.

करून बघायचं ते सगळं केलं. हाताच्या स्नायूत इंजेक्शनं घेतली. बोटं वळायची थांबली, पण इतकी लुळी झाली की दोन महिने तिला भांडं धरवेना. दोन बोटं पट्टीने बांधून बाकीच्यांनी वाजवलं. एक एक सूर मोजत, लहान मुलासारखं, रोज वीस मिनिटं पहिल्यापासून शिकायचा प्रयत्न केला. त्यात एकदा काय झालं, कोणीतरी सांगितलं म्हणून तिने डॉक्टर घालतात तसा पातळ रबरी मोजा घातला आणि वाजवायला बसली, तर बोटं सरळ. मला लाँड्रीतून फोन आला. काही बोलली नाही, फोन कीबोर्डजवळ धरला आणि बारा सूर वाजवले. मी होतो तसा धावत गेलो. आम्ही मोज्यांचा अख्खा खोका आणला, ड्रमर म्हणाला आता शस्त्रक्रियेलाही बोलावणी येतील, आणि दादा पांघरुणांमागे जाऊन नाक शिंकरून आला.

मोजा अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी बोटं मोज्यासकट आत वळली. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मेंदू नव्या स्पर्शाने थोडे दिवस फसतो, मग त्याला कळतं.

कार्यक्रम मात्र ठरलेले होते. तेव्हा तिनेच तोडगा काढला. म्हणाली, "वायर, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये माझं वाजवणं वेगळं काढून ठेवलेलं आहे ना? ते काँप्युटरवर घे. अवघड जागा आल्या की तू सोड."

तीन दिवस आम्ही दोघं लाँड्रीत बसलो. मी तिचे जुने सूर कापत होतो, ती शेजारी बसून ऐकत होती. सव्वीस वर्षांच्या धाकटीचा हात होता तो. एका ठिकाणी मला वाटलं की सूर जरा मागे पडलाय, म्हणून मी तो ओढून तालावर आणला. ती म्हणाली, "नको. तिथे मला शिंक येणार होती. तसाच राहू दे." एका गाण्याला तिने डोळे मिटून घेतले आणि संपल्यावर म्हणाली, "बरी वाजवायची की." जणू कोणा ओळखीच्या मुलीबद्दल बोलत होती.

सुरुवातीला मी फक्त 'जिना'चे बारा सूर सोडायचो. मग तीन गाण्यांचे मधले तुकडे. तिसरं बोटही ओढलं जायला लागलं तसं आणखी. दीड वर्षात सगळंच माझ्या काँप्युटरवरून यायला लागलं. ती स्टेजवर उभी राहायची, हात पट्ट्यांवर फिरवायची, आणि तिच्या कीबोर्डचा आवाज माझ्या टेबलावर शून्यावर असायचा. एवढंच एक बरं होतं की आता बोटं वळली तरी काही बिघडत नव्हतं.

एकदा एका मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता. ऊन उतरलं होतं, पण दिवे अजून लागले नव्हते, त्यामुळे माझ्या टेबलापासून स्टेज लख्ख दिसत होतं. 'जिना' सुरू झालं. पाचसहा हजार लोक सूर म्हणायला लागले. मी पाहिलं, तर धाकटीने हात पट्ट्यांवरून उचलले होते. ती नुसती उभी राहिली. मग तिने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले. सूर चालूच होते, पायरी पायरी उतरत. लोक गात होते. पहिल्या रांगेतली पोरं तिच्याकडे बघून हात हलवत होती. साहेबाने डोळे मिटलेले. फक्त दादाने पाहिलं, आणि त्या गाण्यात तो दोनदा ताल चुकला. आयुष्यात तो ताल चुकलेला मी तेवढाच ऐकला. माझ्या हातात काय होतं? बटण दाबून थांबवलं असतं तर पाच हजार माणसांपुढे ती उघडी पडली असती. चालू ठेवलं तर ती तिथे उभी असूनही नव्हती. मी चालू ठेवलं.

सामान बांधताना ती माझ्याजवळ आली. "कोणाच्या लक्षात आलं नाही," म्हणाली. मी केबल गुंडाळत होतो. तिने दुसरं टोक धरलं आणि आम्ही ती केबल गुंडाळून संपवली.

दोन महिन्यांनी परदेशातून बोलावणं आलं. आयोजकांनी पाच तिकिटं देऊ केली. साहेब, दादा, ड्रमर, मी आणि कार्यक्रमांचं बघणारा मॅनेजर, असे पाच. दादा माझ्या घरी आला आणि खुर्चीत बसला.

"तू सांग तिला," तो म्हणाला.

"तुझी बहीण आहे ती."

"म्हणूनच म्हणतोय."

"तुझं तिकीट तिला दे," मी म्हणालो. हे बोलायला सोपं होतं. माझंही तिकीट होतंच, आणि ते मी देऊ करत नव्हतो.

"मी नसलो तर वाजवणार कोण?" दादा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचा त्यालाच अर्थ कळला. तो उठून खिडकीपाशी गेला. "तिचं सगळं तुझ्या काँप्युटरमध्ये आहे ना. माझं नाहीये. माझंही घालून ठेवायला हवं होतं."

मी गेलो. तिने दार उघडलं आणि माझे रिकामे हात पाहिले. मी कधी कुठे केबलशिवाय जात नाही.

"दादाने पाठवलं ना?" ती म्हणाली. "बस. किती तिकिटं आहेत?"

"पाच."

तिने मनातल्या मनात माणसं मोजली असावीत, कारण जरा थांबून म्हणाली, "मॅनेजरला न्यायलाच लागेल, तिथली भाषा त्यालाच येते." मग तिने चहा टाकला. चहा पिताना तिने मला सांगितलं की कुठल्या गाण्यात काँप्युटर अर्धा क्षण आधी सोडायचा, कारण साहेब दमला की लवकर सुरुवात करतो. मी कागद मागितला आणि लिहून घेतलं. निघताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तू परत आलीस की—" ती म्हणाली, "जाताय तुम्ही, वायर. मी इथेच आहे."

त्यानंतर तिने काही दिवस शिकवण्या घेतल्या. पण मुलं म्हणायची वाजवून दाखवा, आणि तिला तोंडानेच सांगावं लागायचं. एका पालकाने विचारलं, तुम्हाला वाजवता येत नाही का. तिने शिकवण्या बंद केल्या. मग तिने सहा महिन्यांचा एक कोर्स केला आणि कानांच्या दवाखान्यात तपासनीस म्हणून लागली. "कान तेवढे शाबूत आहेत," म्हणायची. कानावर हेडफोन लावून माणसाला बंद खोलीत बसवायचं आणि बारीक बारीक आवाज सोडून त्याला काय ऐकू येतं ते कागदावर मांडायचं, हे तिचं काम. म्हाताऱ्या माणसांना तिच्याकडेच जायचं असे, कारण ती घाई करत नसे.

दादाचं आणि तिचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर काहीतरी मोकळं झालं असतं. दर रविवारी दोघं आईकडे जेवायला जायची आणि आईच्या गुडघ्यांबद्दल, इमारतीच्या लिफ्टबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल बोलायची. बँडचा विषय निघाला की आईच म्हणायची, "भाजी वाढू का अजून?"

बँडला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मोठा कार्यक्रम झाला. खरं म्हणजे सत्तावीस झाली होती, पण मध्ये दोन वर्षं कोणी मोजली नव्हती. धाकटीला पाहुणी म्हणून बोलावलं, दहाव्या रांगेत बसवलं. साहेबाने स्टेजवरून तिचं नाव घेतलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग तिच्याच सुरांनी 'जिना' सुरू झालं. संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "छान झालं," म्हणाली आणि गर्दीतून भरभर निघून गेली. मला वाटलं, तिला रडू येत असेल.

पुढच्या वर्षी माझ्या कानात शीळ वाजायला लागली. आधी कधीमधी, मग सतत, कुकरची शिटी लांब कुठेतरी अडकून राहावी तशी. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलो असतो, पण मग वाटलं, कोणाला कळायचंच असेल तर तिलाच कळू दे.

तिने मला त्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. काचेपलीकडून तिचा आवाज आला. "आवाज ऐकू आला की दाब. अंदाजाने दाबू नकोस."

मी दाबत गेलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "वायर, तू तालावर दाबतोयस."

खरं होतं. ठरावीक अंतराने आवाज येतोय असं लक्षात आल्यावर मी न ऐकताच दाबायला लागलो होतो. मग तिने अंतर कमीजास्त करायला सुरुवात केली. आणि मग मी बराच वेळ काहीच दाबलं नाही. काचेतून मला दिसत होतं, ती एकामागून एक खुंटी फिरवत होती, थांबत होती, माझ्याकडे बघत होती, कागदावर खूण करत होती. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. मला वाटत होतं की यंत्र बंद पडलं असावं.

बाहेर आल्यावर तिने आलेख माझ्यापुढे ठेवला. रेघ अर्ध्यापर्यंत बरी चालली होती आणि मग खाली कोसळली होती.

"वरचे सूर गेलेत," ती म्हणाली. "उजव्या कानाचे जास्त. तुझ्या टेबलाच्या उजव्या बाजूलाच मोठा स्पीकर असतो."

"परत येतील?"

"नाही."

"औषध, यंत्र, काहीतरी?"

"बोलणं ऐकू यायला यंत्र लावता येईल. साउंड करण्यासाठी नाही." ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "मला गेल्या वर्षीच कळलं होतं. पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात. माझा कीबोर्ड सुईसारखा टोचत होता, वायर. तुला वरचं ऐकू येत नव्हतं म्हणून तू ते वाढवत गेला होतास. आजूबाजूची माणसं कानावर हात ठेवत होती."

किती कार्यक्रम मी तसेच केले असतील, कोण जाणे. "मग बोलली का नाहीस?"

"तू तरी तीन आठवडे पट्ट्या पुसत होतास की."

बाहेरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ आपला नंबर कधी येतो म्हणून दारातून डोकावत होते. तिने त्यांना खुणेने पाच मिनिटं सांगितली.

"दादाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी सांगणार नाही. पण त्यालाही ऐकू येत असणारच."

तेही खरंच होतं. दादा तीसेक वर्षं माझ्यासमोर वाजवतोय. त्याला कळलं नसेल असं होणार नाही. तो बोलला नव्हता, इतकंच. मला एकदम दिसलं की रोज साउंड चेकनंतर तो माझ्याकडे बघून अंगठा वर करत होता तो काय म्हणून.

"मला दुसरं काही येत नाही, धाकटे," मी म्हणालो.

मग तिने माझ्या पुढच्या तारखेचं कार्ड उलटं केलं आणि त्यावर लिहायला लागली. उजव्या हातानेच, सुंदर वळणदार अक्षर. कुठली खुंटी कितीवर ठेवायची, वरचा आवाज किती कमी करायचा, तिच्या कीबोर्डचा किती, साहेबाच्या माइकचा किती. "कानाने लावू नकोस," ती म्हणाली. "आकडे बघून लाव. हॉल लहान असेल तर सगळं दोनने खाली. हे वर्ष-दोन वर्षं निभेल. पुढे आकडे बदलतील, तेव्हा ये. परत तपासू."

शनिवारी कार्यक्रम होता. मी कार्ड टेबलावर चिकटपट्टीने लावलं आणि एकेक खुंटी तिने लिहिलेल्या आकड्यावर आणून ठेवली. मग काँप्युटरवर तिचे सूर सोडून पाहिले. मला ते भिंतीपलीकडून आल्यासारखे दबलेले वाटले. हात सवयीने खुंटीकडे गेला, तो मी मागे घेतला. स्टेजवरून दादाने अंगठा वर केला. मीही केला. तो खरं सांगत होता का, हे कळायला माझ्याकडे काही मार्ग नव्हता.